माहेरचा कागद कुठं सापडतो?

बैठकीत बचत गोळा होते, कर्जाचे हप्ते वाचून होतात, सह्या-अंगठे होतात. सगळ्या उठायच्या बेतात असताना एखादी ताई थांबते आणि हळूच विचारते, "जातीचा दाखला काढायचाय, पण माहेरचा पुरावा मागत्यात. त्यो कुठं मिळंल?" गेल्या दोन वर्षांत जवळपास प्रत्येक ग्रामसंघात हा प्रश्न आला आहे. कुणाला ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर अर्ज भरायचा असतो. कुणाला वडिलांच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायचं असतं, आणि तलाठ्यानं विचारलेलं असतं, "तुम्हीच त्यांची मुलगी, कशावरून?"

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्यातली जागा एखाद्या प्रवर्गासाठी असेल तर उमेदवाराला जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. तिथं नवऱ्याचा कागद चालत नाही. जात जन्मानं, वडिलांकडून धरतात. म्हणजे तीस वर्षं सासरी नांदलेल्या बाईलाही पुरावा शोधायला वडिलांच्या, आज्याच्या, चुलत्याच्या गावी जावं लागतं. पुरावाही किती जुना हवा ते ठरलेलं आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कागद या तारखांच्या आधीचा असला की काम सोपं होतं. आपल्यातल्या बहुतेकींचा जन्म त्यानंतरचा, म्हणून स्वतःचा जन्म दाखला काढून भागत नाही. वडिलांचा, आज्याचा, आत्याचा कागद काढायचा आणि तिथून आपल्यापर्यंत एकेक कडी जोडत यायचं.

पुरुषांचं हे जोडकाम त्या मानानं सरळ असतं. गाव तेच, आडनाव तेच, वाडा तोच. बाईचा धागा मात्र दोन ठिकाणी तुटतो. जन्माच्या वेळी बुकात तिचं नावच लिहिलेलं नसतं, आणि लग्नात तिचं असलेलं नाव बदलतं. आडनाव तर बदलतंच, आपल्याकडं पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलायची रीत होती. माहेरची शांता सासरी लक्ष्मी झाली की सरकारच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. हे दोन तुटलेले धागे कोणत्या कागदानं बांधता येतात, ते कळलं की बाकीची कामं हेलपाट्याची आहेत, पण अवघड नाहीत.

आधी घरात विचारा

कचेरीत जायच्या आधी एक वही करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तारखा विचारू नका, त्यांना तारखा ठाऊक नसतात. साल विचारायची रीत वेगळी आहे. "कोयनेचा भूकंप झाला तवा तू केवढी होतीस?" भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीवतीस का? तवा पदरात कोण होतं?" "गांधींना मारलं आणि गावात जाळपोळ झाली तवा लगीन झालं होतं का?" ते १९४८ साल. संस्थान खालसा झालं ते १ मार्च १९४९ ला, तेही जुन्या माणसांच्या ध्यानात असतं. अशा दोन-तीन खुणांच्या मध्ये जन्माचं साल सापडतं. कचेरीतला माणूस बुक शोधून देतो ते सालावर. "लई वर्षांपूर्वी" असं सांगितलं तर तोही काय करणार?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. बाळंतपण कुठं झालं? जन्माची नोंद आईबाप राहतात त्या गावी होत नाही, जन्म जिथं झाला तिथं होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. म्हणजे थोरल्या लेकराची नोंद आजोळच्या बुकात असायची शक्यता जास्त. वडिलांच्या गावी चार हेलपाटे मारून "नोंद नाही" ऐकून परत आलेल्या कितीतरी जणींची नोंद आजोळी निघाली आहे. दवाखान्यात जन्म झाला असेल तर दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथं बघायचं. सीपीआरमध्ये जन्मलेल्या लेकराची नोंद कोल्हापूर महापालिकेत, मग आईबाप गगनबावड्याचे असोत की शाहूवाडीचे.

आपल्या भागात अजून एक जिवंत बुक फिरत असतं, ते म्हणजे हेळवी. सुगीच्या दिवसांत बैल घेऊन येतो, दारात उभा राहून खापरपणज्यापासूनची नावं वाचतो, कुळाचं मूळ गाव सांगतो, धान्य-पैसे घेऊन जातो. यंदा आला तर नुसतं ऐकून सोडू नका, लिहून घ्या. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतही घराण्यांची नावं असतात. आज्या-पणज्यांपैकी कुणी यात्रेला किंवा अस्थी घेऊन गेलं असेल तर तिथं सापडू शकतात. हेळव्याच्या वहीवर दाखला मिळेल अशा भरवशावर राहू नका. तिचा उपयोग सुगावा म्हणून. मूळ गाव कुठलं, आज्याचा बाप कोण, भाऊबंद कुठं पांगले हे कळलं की कोणत्या तालुक्याच्या कचेरीत जायचं ते कळतं. या वह्यांत पुरुषांची वेल लांबच लांब असते आणि बायका थोड्या, हे मात्र मनाशी धरूनच ऐका.

कोणत्या राज्यात होतं आपलं गाव?

हा प्रश्न ऐकून हसू येईल, पण कोल्हापूर जिल्ह्यात तो विचारावाच लागतो. आजचा जिल्हा एकाच राज्यातून आलेला नाही. करवीर, पन्हाळा, गडहिंग्लज, राधानगरी हा मुलूख कोल्हापूर संस्थानचा. आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत, गगनबावडा बावड्याच्या जहागिरीत, कागलची जहागीर वेगळी, विशाळगडची वेगळी. या जहागिऱ्या कोल्हापूरच्या छत्राखाली, पण त्यांचं दप्तर त्यांचं त्यांचं होतं. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि तेवढा चंदगड तालुका आपल्याकडं आला. उलट रायबाग हा कोल्हापूर संस्थानचा भाग, तो आज कर्नाटकात आहे.

याचा अर्थ असा, की चंदगडच्या ताईला आज्याचा कागद चंदगडला मिळाला नाही तर बेळगावकडं चौकशी करावी लागू शकते. रायबागकडून दिलेल्या ताईनं संस्थानी काळातल्या कागदासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागारही बघावं. तिथं जुन्या संस्थानचं दप्तर ठेवलेलं आहे. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या पुष्कळ लेकी कागल-गडहिंग्लजात दिल्या आहेत. त्यांचे अलीकडचे कागद कन्नडमध्ये असतात, त्यांचा मराठी अनुवाद करून घ्यावा लागतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. परराज्यातून लग्न होऊन आलेल्या बाईच्या जात दाखल्याचे नियम वेगळे आहेत. कागद गोळा करण्यात पैसे घालवण्याआधी प्रांत कार्यालयात जाऊन आपल्या बाबतीत काय लागू होतं ते विचारा. दोन राज्यांच्या मधल्या एका रेघेपायी बहीण-बहिणीच्या दाखल्यात फरक पडतो. एक कोगनोळी नाक्याच्या अलीकडं दिली, दुसरी पलीकडं, एवढंच काय ते कारण.

आता गावातलं बुक. जन्म-मृत्यूची नोंद करणारा आजचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी खेड्यात ग्रामपंचायतीकडं असतात. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच निबंधक. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये असायच्या. कुणी त्याला जन्म-मृत्यूचं बुक म्हणतं, कुणी कोतवाल बुक. ही जुनी बुकं साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जात पडताळणीत त्यांना एवढं वजन का, तर त्यात बापाच्या नावाबरोबर जातही लिहिलेली असायची. आजच्या जन्म दाखल्यावर जात नसते. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून राज्यभर हेच अभिलेख कक्ष उघडून बुकं चाळली गेली. सापडलेल्या नोंदी पुष्कळ जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या. गटातल्या एखाद्या शिकलेल्या लेकीला मोबाईलवर आपलं गाव शोधायला सांगा, हेलपाटा वाचू शकतो.

या बुकात आज्या शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुकात नोंद व्हायची ती बहुतेक वेळा बारशाच्या आधी. त्यामुळं बाळाचं नाव नसायचंच, मुलग्याचंही नाही. "अमुक यास मुलगा", "अमुक यास मुलगी", एवढंच. मुलगा पुढं शाळेत गेला, त्याच्या नावावर जमीन आली, त्याचं नाव दहा ठिकाणी उमटलं. मुलगी "अमुक यास मुलगी" एवढीच राहिली. चार बहिणी असल्या तर त्यातली तुमची आई कुठली? इथं घरच्या वहीतली माहिती कामी येते. थोरली कोण, भूकंपाच्या आधीची कोण, पाठीवर भाऊ झाला ती कोण. भावंडांच्या नोंदी क्रमानं काढल्या की मधल्या मोकळ्या जागेत आपली बाई बरोबर बसते.

मोडी, आणि बुकातली भाषा

जुनी बुकं मोडीत आहेत. पहिल्यांदा बघितलं की मुंग्यांची रांग वाटते, आणि आपण घाबरून "न्हाई मिळालं" म्हणून परत येतो. राज्याच्या पुराभिलेख खात्याकडं मोडी वाचणाऱ्यांची यादी असते. अशा माणसाकडून लिप्यंतर करून घेऊन त्यांची सही घ्या, कचेरीत तेच चालतं. ओळखीतल्या कुणी वाचून दाखवलं तर समजण्यापुरतं ठीक. आपल्या गटांतल्या बारावी झालेल्या पोरींनी मोडी शिकावी असं आम्हाला फार वाटतं. वर्ग निघतात, लिपी काही महिन्यांत हाताशी येते आणि गावोगाव मागणी आहे. शेळीपालनाच्या शिबिराला जेवढ्या जणी जातात त्यातल्या दोघी इकडं वळल्या तरी पुष्कळ.

भाषेतले काही शब्द ठाऊक असले की कागद बोलायला लागतो. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतंच. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "भ्रतार", नुसतं "भ्र." असंही लिहितात, म्हणजे नवरा. "सखू कोम धोंडी" असं दिसलं तर धोंडीची बायको सखू. जमिनीच्या कागदावर "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, घरातला कर्ता. "अ. पा. क." म्हणजे अज्ञानाचं पालन करणारी व्यक्ती. हे शेवटचं नीट बघा. बाप लवकर वारला, पोरं लहान होती, तर त्यांच्या नावापुढं "अ. पा. क. आई" म्हणून आईचं नाव लागतं. एरवी कुठंच न सापडणारी पणजी विधवा झाली म्हणून कागदावर येते. वाईट वाटतं वाचताना, पण पुरावा तो पुरावा.

नावंही फसवी असतात. मुलगं जगावं म्हणून दगडू, धोंडी, केरबा ठेवायचे. मुलगी नको असली की नकुशा. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये २८० पेक्षा जास्त नकुशांची नावं एका कार्यक्रमात बदलली, त्याची बातमी जगभर गेली. नाव बदललं हे चांगलंच झालं. पण शाळेत, रेशनकार्डावर, जन्माच्या नोंदीत प्रत्येक ठिकाणी ते बदलावं लागतं, नाहीतर मोठेपणी तीच मुलगी दोन नावांच्या मध्ये अडकते.

शाळेचं रजिस्टर

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यामुळं आपल्या जिल्ह्यात गावोगाव जुन्या शाळा आहेत आणि त्यांची जनरल रजिस्टरंही जुनी आहेत. त्यात नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, शाळा कधी सोडली हे सगळं असतं. त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मुख्याध्यापकांकडं अर्ज करून मिळतो. बाप शाळेत गेला नसेल तर चुलता गेला असेल, आत्या गेली असेल. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा उतारा चालतो, फक्त नातं वंशावळीत दाखवावं लागतं. जुन्या काळी शाळेत गेलेल्या आत्याला विसरू नका. दुसरीतून नाव काढलं असलं तरी रजिस्टरात ती आहे, आणि माहेरच्या नावानं आहे.

रजिस्टरातल्या जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १ जून. अख्ख्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत ते गावच्या मतदार यादीत बघा. पोरगं शाळेत आणलं, तारीख ठाऊक नाही, जूनमध्ये सहा वर्षं पुरी बसली पाहिजेत, मग गुरुजींनी टाकली १ जून. म्हणून जन्माचं बुक आणि शाळेचा उतारा यांत तारीख जुळली नाही तर घाबरायचं कारण नाही. बाप, गाव आणि जात जुळते का ते आधी बघा.

दोन नावांना जोडणारा कागद

आता दुसरा तुटलेला धागा, लग्नातला. आमच्या अनुभवात इथं सगळ्यात कामाचा कागद निघतो तो जन्म-मृत्यूचा नाही, जमिनीचा. वडील वारले की वारस नोंद होते. वारसांचं रजिस्टर म्हणजे गाव नमुना ६-क आणि त्यावरून होणारा फेरफार. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानंतरच्या वारस फेरफारात मयताची विधवा, मुलगे आणि मुली अशी नावं येतात, आणि लेकीच्या नावापुढं सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच ओळीत बाप माहेरचा आणि आडनाव सासरचं. ही अमक्याची मुलगी आणि तमक्याची बायको एकच आहे, हे सांगणारा याच्याइतका स्वच्छ कागद दुसरा नाही.

त्यासाठी माहेरच्या सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर असतात ते सगळे टिपून घ्या आणि एकेक काढा. अलीकडचे तलाठ्याकडं (यांचंही नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय), जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात. सातबाऱ्यावर "इतर हक्क" असा रकाना असतो, तिथंही बहिणींची नावं टाकलेली सापडतात. भावांची नावं वर मोठ्या रकान्यात आणि बहिणी "इतर" मध्ये, हे बघून प्रत्येक बैठकीत हशा पिकतो, आणि मग जरा वेळ सगळ्या गप्प बसतात. हक्कसोडपत्र केलं असेल तर त्याचाही फेरफार असतो. हक्क सोडला तरी त्या कागदावरचं आपलं नाव पुसलं जात नाही. पुरावा म्हणून तो वापरता येतो.

१९५६ च्या आधीच्या फेरफारात मुली क्वचित दिसतात. तिथं विधवेचं नाव शोधा, "अ. पा. क." शोधा. जमीन नव्हतीच, अशा घरांतल्या ताईंना हा रस्ता बंद आहे. त्यांनी शाळेवर आणि जन्माच्या बुकावर जास्त भर द्यावा. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीकडचा उतारा, जुनं रेशनकार्ड, जुनी मतदार यादी हेही बघावं. जुन्या मतदार यादीचं एक सांगण्यासारखं आहे. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. त्या वेळी उत्तरेकडच्या राज्यांत पुष्कळ बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून काढायला लावली. नाव नाही तर मत नाही. रागवावं की बरं वाटावं कळत नाही, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगायला लागल्या.

फेरफारही नाही, अशा वेळी लग्नाची नोंद उपयोगी पडते. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी होते, त्या दाखल्यावर वधूचं माहेरचं नाव असतं. पूर्वी लग्न झालं असलं आणि नोंद राहिली असली तरी आता करता येते. पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावं, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र जोडावं. लग्नपत्रिका जपून ठेवली असेल तर तीही लावा. एकटी पत्रिका पुरत नाही, पण बाकीच्या कागदांना टेकू देते.

आजच्या लेकरांची नोंद

आपण मागं शोधत असताना पुढचा धागा आपल्याच हातून तुटायला नको. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत नोंद फुकट होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी कोर्टातून आदेश आणावा लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी करतात. २०२५ मध्ये राज्यानं या उशिराच्या नोंदींची तपासणी कडक केली आहे, म्हणून पुराव्याशिवाय अर्ज करू नका.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्म दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. गुरुजींच्या १ जूनचे दिवस संपले. दाखल्यात बाळाचं नाव घालायचं राहिलं असेल तर ते पहिल्या वर्षात फुकट, पुढं १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. जुन्या नोंदींसाठी शासन अधूनमधून मुदत वाढवतं, ती चौकशी ग्रामपंचायतीत करा.

आणि ज्याची वाट बघायला आपल्या आज्या उरल्या नाहीत ते आता झालं आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या लेकराच्या नावात आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम राज्यानं ठरवला आहे. म्हणजे पन्नास वर्षांनी आपली पणती शोधायला निघेल तेव्हा तिला "अ. पा. क." धुंडाळावं लागणार नाही. फक्त आईचं नाव लिहिताना आधारकार्डावर, लग्नाच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर जसं आहे तसंच लिहा. एकीकडं सुनीता आणि दुसरीकडं सुनिता, असं झालं की पुन्हा हेलपाटे सुरू. त्याच शासन निर्णयात स्त्रीला लग्नाआधीच्या नावानं मिळकतीच्या कागदावर नाव लावायची मुभा आहे. माहेरच्या जमिनीत वाटा घेणाऱ्या ताईंनी हे ध्यानात ठेवावं.

कचेरीत जाताना

अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. कोणतं गाव, कोणतं साल, कुणाचं नाव हे अर्जात स्पष्ट लिहा, आणि एका सालाऐवजी मागचं-पुढचं धरून पाच सालांची मागणी करा. नोंद सापडली नाही तर "नोंद आढळून येत नाही" असा लेखी दाखला मागा. तोंडी "नाही" वर परत येऊ नका. त्या लेखी नकाराचाही उपयोग होतो, पुढच्या कचेरीत तो दाखवावा लागतो. बुक जीर्ण झालंय, पान फाटलंय असं सांगितलं तर तेही लिहून मागा. काहीच उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज आहे.

"सगळं करून देतो, दहा हजार द्या" म्हणणारे लोक कचेरीच्या दारात असतात. खोटी नोंद घुसडून मिळालेला दाखला पडताळणीत टिकत नाही. निवडून आल्यावर तो रद्द झाला तर पद जातंच, वर गुन्हाही दाखल होतो. नक्कल फीमध्ये मिळते, त्याची पावती मिळते. पावती नाही ते काम आपलं नाही.

नकला हाती आल्या की घरच्या कागदांवर एक नंबर टाका आणि वंशावळीचा तक्ता करा. तक्त्यात प्रत्येक नावाशेजारी कोणत्या कागदावर ते नाव आहे त्याचा नंबर लिहा. ज्या नावाशेजारी नंबर नाही ती कडी अजून शोधायची आहे. तक्त्यात बहिणी, आत्या, पणज्याही लिहा, त्यांच्या दोन्ही नावांसकट. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या पुराच्या पट्ट्यातल्या ताईंनी २००५, २०१९ आणि २०२१ ला काय काय वाहून गेलं ते आठवावं. कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावेत, मोबाईलवर फोटो काढून लेकीला आणि भावाला पाठवावेत, आणि एक झेरॉक्स संच माहेरी किंवा ग्रामसंघाच्या कपाटात ठेवावा. ज्या ग्रामसंघाला कपाट नाही त्यांनी पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघ बैठकीत तसा ठराव आणावा.